घरची फेरी

लिफ्टनं चौथ्या मजल्याच्या जरा खाली एक गचका खाल्ला, क्षणभर थांबली आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा वर निघाली. एवढंच. दुसऱ्या कुणी ते लक्षातही ठेवलं नसतं. पण माझा एक हात कठड्यावर आणि दुसरा सासूबाईंच्या दंडावर केव्हा गेला ते मला कळलं नाही, आणि डोक्यात आपोआप सुरू झालं: दोर नाही, दोर असता तर आवाज वेगळा आला असता, ब्रेकचा पट्टा झिजलाय, सेक्रेटरीला आजच गाठायला हवं, आणि तो नेहमीसारखा बघू बघू म्हणाला तर त्याला या लिफ्टमध्ये उभं करून दिवसभर खालीवर करायला हवं. मी मनातल्या मनात सेक्रेटरीशी कडाकडा भांडत होते आणि शेजारी सासूबाई हसत होत्या. हातात भाजीची पिशवी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंडभर हसू. "पोटात कसं गंमतशीर झालं गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या नव्या गाडीत असंच होतं का?" मी म्हटलं, याच्या शंभर पट होतं. घाबरवायला म्हटलं होतं. त्यांनी विचार केला, मजला आल्यावर बाहेर पडल्या, पिशवीत किल्ली शोधता शोधता मान वर न करता म्हणाल्या, "मग रविवारी तुमच्या घरच्या फेरीला मी येते. मी बसणार."

घरची फेरी ही आमच्या पार्कातली जुनी रीत. नवा पाळणा असो की रोलर कोस्टरची नवी गाडी, तिकिटाची खिडकी उघडायच्या आधी पहिली भरलेली फेरी सुटते ती आम्हा काम करणाऱ्यांच्या घरच्या माणसांची. ज्यानं बोल्ट आवळले त्याचा भाऊ, जिनं वायरी जोडल्या तिची आई, ज्यानं रंग दिला त्याची लाडाची लेक. आपण स्वतः बसायचं नाही, आपण खाली उभं राहून बघायचं. आमचा फोरमन म्हणजे ज्याच्या तोंडून चांगला शब्द निघाला तर त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी द्यावी असा माणूस. तो म्हणतो, स्वतः काय, कुणीही बसेल. ज्याच्यावर जीव आहे त्याला बसवा आणि मग सांगा काम पक्कं आहे म्हणून. आणि या पार्कात माणसांना धरून ठेवणारं जे जे काही आहे, पट्टे, दांडे, कड्या, ब्रेक, ते सगळं जिच्या हाताखालून जातं त्या बाईनं, म्हणजे मी, इतक्या वर्षांत घरच्या फेरीला घरचं एक माणूस आणलेलं नाही. कधी नवऱ्याला सर्दी झाली, कधी त्याचा गुडघा दुखला, एकदा तर मी सरळ खोटंच सांगितलं की तो गावाला गेलाय, आणि तो नेमका संध्याकाळी मला न्यायला फाटकाशी हजर. कुणी काही बोललं नाही. पण ज्या स्वयंपाकिणीच्या घरची माणसं बाहेर जेवतात तिच्या हातचं दुसऱ्यानं का खावं, हे प्रत्येकाच्या मनात आलं असणारच. या खेपेला फोरमननं आडपडदा ठेवला नाही. गाडी सोडायची खूण, वर केलेला अंगठा, हा माझा मान. तो म्हणाला, रविवारी गाडीत तुझं माणूस नसेल तर अंगठा दुसरं कुणीतरी वर करेल, आणि मग कायमचंच करेल.

आणि गाडीही अशी तशी नव्हे. आम्ही तिला घसरगुंडी म्हणतो, पण शहरात तिच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. तिची लाल कमान लांबच्या पुलावरून दिसायची, आणि बस पुलावर आली की सगळी बस एका बाजूला झुकायची. केस कापायला गेले तर कापणारी बाई कात्री हवेत धरून विचारायची, उलटं होतं का हो त्यात? बँकेत, दवाखान्यात, जिन्यात, जिथं जाईन तिथं माणसं आधी विचारायची केव्हा उघडणार, आणि मग आवाज खाली करून, पडत नाही ना कुणी? पहिला प्रश्न विचारताना त्यांचे डोळे जसे चमकायचे तसेच दुसरा विचारतानाही चमकायचे, आणि याचं मला फार नवल वाटायचं. माझ्यासाठी त्या दोन प्रश्नांत जमीनअस्मानाचं अंतर होतं. पहिला मला कधी पडलाच नव्हता. दुसऱ्यावर माझं पोट चालत होतं.

लहानपणापासून मी अशीच. जत्रेत वडिलांनी मला एकदा मोठ्या पाळण्यात बसवलं होतं. पाळणेवाल्यानं आमच्यापुढं एक साखळी आडवी टाकली, तिचा आकडा कडीत अडकवला आणि मागं वळूनही न बघता पुढच्या पाळण्याकडं गेला. मी त्या आकड्यावर नजर रोवून बसले ती खाली उतरेपर्यंत. वडील सांगत होते, ते बघ आपलं घर, ती बघ नदी, आणि मी म्हणत होते, बाबा, हा हलतोय. नदी मी पाहिलीच नाही. उतरल्यावर वडिलांनी घरभर सांगितलं की एवढे पैसे टाकून ही पोर आकडा बघून आली. तेव्हापासून माझं नाव पडलं जपून, कारण म्हणे मी दर दोन वाक्यांनंतर तेच म्हणायचे. कामावरही ते कुणाला कसं कळलं देव जाणे, तिथंही मी जपूनबाईच. मला राग येत नाही. आमच्या नव्या गाडीचे ब्रेक लावावे लागत नाहीत, ते मुळात लागलेलेच असतात. हवा भरून ते मुद्दाम सोडवावे लागतात, आणि वीज गेली, हवा संपली, काहीही झालं तरी ते आपोआप पुन्हा आवळतात. पहिल्यांदा त्यांचा नकाशा पाहिला तेव्हा मी मनाशी म्हटलं, अगंबाई, ही तर मीच.

सासूबाईंना मी माझ्याच जातकुळीच्या समजत आले होते. लग्नानंतर पहिल्यांदा सगळे मिळून फिरायला गेलो ते असल्याच एका पार्कात. दीर, जावा, पोरंटोरं, सगळे आरडाओरडा करत वर जात होते, आणि खाली कठड्याशी या उभ्या होत्या, खांद्याला पिशव्या, हातात चार जणांचे चष्मे, पायाशी चपलांचा ढीग. सासऱ्यांना कुणीतरी विचारलं, वहिनी नाही येत? ते म्हणाले, तिला नाही आवडत असलं. मी हळूच जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. कुणीतरी आपल्यासारखं भित्रं या घरात आहे म्हणून मला इतका धीर आला होता की काय सांगू. पुढं कित्येक सहली अशाच झाल्या. सगळे वर, आम्ही दोघी खाली. मी वर पाहून दांडे कसे बसलेत ते बघायची, आणि त्याही वरच पाहत असायच्या. त्या काय बघत होत्या, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

ते मला कळलं त्या लिफ्टच्या संध्याकाळी, स्वयंपाकघरात. त्या भाजी निवडत होत्या, मी भांडी पुसता पुसता त्यांचं मन वळवायला बसले होते. वय सांगून झालं, कंबर सांगून झाली, वारा फार असतो तेही सांगून झालं. शेवटी म्हटलं, आई, तुम्हाला असलं कुठं आवडतं? तर त्यांनी देठ मोडून बाजूला ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मला कधी कुणी विचारलंच नाही. पिशव्या कुणीतरी धरायला हव्या होत्या, मी धरल्या." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. म्हणजे इतकी वर्षं त्या वर बघत होत्या ते मन लावून, तोंडाला पाणी सुटल्यासारख्या, आणि मी शेजारी उभी राहून समजत होते की आपली जोडी जमलीय. कठड्याशी भित्री एकटी मीच होते. मला एकदम हसूही आलं. सासूबाई म्हणाल्या, हसतेस काय, सांग, त्या दिवशी साडी चालते का, की तुझा तो पिवळा पायजमा देशील?

नवऱ्याकडून मला आशा होती. आपल्या आईला तो अडवेल असं वाटलं होतं. पण तो पडला कवळ्या करणारा. दिवसभर डॉक्टरांकडून आलेले लोकांच्या तोंडाचे साचे समोर मांडून दात बसवत असतो, आणि आईची कवळी ही त्याच्या हातची आजवरची सर्वांत सुबक कवळी आहे असं त्याचं स्वतःचं मत. बातमी ऐकून त्याचा चेहरा खरोखर उतरला. तो म्हणाला, आई, एवढ्या वेगात ती बाहेर उडाली तर? मी म्हटलं, आई की कवळी? तो म्हणाला, आईला तू दांडा लावशील, कवळीला काय लावशील? शेवटी असं ठरलं की कवळी काढून डबीत ठेवायची आणि डबी त्यानं सांभाळायची. डॉक्टरांकडंही नेलं. माझी शेवटची मदार त्यांच्यावर होती. त्यांनी छाती ऐकली, रक्तदाब मोजला, पाठीच्या मणक्यांवरून हात फिरवला, आणि म्हणाले की यांना खुशाल बसवा, पण तुमचं ब्लडप्रेशर जरा बघूया, चेहरा बरा दिसत नाही. ते निघालं भलतंच वर. घरी येताना सासूबाई रिक्षात गुणगुणत होत्या.

तो आठवडा मी गाडीच्या मागं हात धुऊन लागले. माणसं बसवायच्या आधी आम्ही पाण्यानं भरलेले रबरी पुतळे बसवतो, माणसाच्या वजनाचे. त्यांना सगळे पाहुणे म्हणतात, कारण ते येऊन बसतात, बोलत काही नाहीत, आणि निघायचं नाव घेत नाहीत. पाहुण्यांनी भरलेली गाडी दिवसभर फिरायची. प्रत्येक दांड्याला दोन स्वतंत्र कुलपं, एक दगा देईल तर दुसरं धरेल. एक जरी दांडा पुरता बसला नाही तर फलाटावरून गाडी सुटतच नाही, कितीही बटणं दाबा. पुढं एक गाडी असेल तर मागची त्या टप्प्यात शिरूच शकत नाही. चढावर तर आणखी गंमत. साखळी गाडीला वर ओढते आणि गाडीखालचे लोखंडी आकडे रुळामधल्या दातांवरून खट खट करत एकेक दात पुढं पडत जातात. साखळी तुटली तरी गाडी एका दातापलीकडं मागं सरकणार नाही. लोकांना सगळ्यांत जास्त धडकी भरते ती नेमकी त्याच खटखटीनं. मला मात्र तोच एक आवाज सोसतो. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी चढाखाली बसून नुसती ऐकत होते, पाहुणे वर चालले होते, ऊन मस्त पडलं होतं, आणि कारण नसताना मला फार बरं वाटत होतं. मग एकाएकी पाहुण्यांच्या जागी पिवळ्या पायजम्यातली छोटीशी बाई दिसायला लागली, आणि मी उठून पहिल्या दांड्यापासून पुन्हा तपासायला घेतलं.

रविवारी सकाळी आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ होतं. फलाटावर घरच्या माणसांची झुंबड, सगळे नटूनथटून आलेले, जो तो आपल्या माणसाला दाखवत होता की हे मी केलं, ते मी केलं. सासूबाई माझ्या पिवळ्या पायजम्यात, त्याची टोकं दुमडून वर घेतलेली, केसांचा घट्ट अंबाडा. दाराशी उंचीची पट्टी. खरं सांगते, त्या पट्टीवर माझी डोळ्यात तेल घालून नजर होती, कारण त्या दिसतात त्याहूनही बुटक्या आहेत. पट्टीवाल्यानं आडवी फळी अंबाड्यावर टेकवली आणि जा म्हणाला. मी पुढं झाले, म्हटलं अंबाडा धरत नाहीत, डोकं धरतात. सासूबाईंनी माझ्याकडं एक कटाक्ष टाकला, काटे काढून अंबाडा सोडला, केस खांद्यावर पडले, आणि ताठ उभ्या राहिल्या. फळी रेघेच्या वर बोटभर राहिली. त्यांनी मुलाला बोलावून हातात पिशवी दिली, चष्मा दिला, चपला दिल्या, वळून तोंडातली कवळी काढून डबीत ठेवली आणि डबी दिली. तो बिचारा सगळं छातीशी धरून कठड्याशी जाऊन उभा राहिला.

त्या बसल्या दुसऱ्या रांगेत. शेजारी फोरमनचा मेव्हणा, चांगला धिप्पाड, पण चेहरा पांढराफटक. बसल्या बसल्याच त्याला घाम फुटला होता आणि सासूबाई बोळक्या तोंडानं त्याची समजूत घालत होत्या. मी पुढून सुरुवात केली. आमच्याकडं दांडा तपासायची एकच पद्धत, फोरमननं घालून दिलेली. दोन्ही हातांनी धरून एकदाच, पुऱ्या ताकदीनं वर ओढायचा. राहिला की पुढं. एकच ओढ. जो दुसऱ्यांदा ओढतो त्यानं एक तर पहिल्यांदा लक्ष दिलेलं नसतं, नाहीतर त्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नसतो. दोन्हीपैकी काहीही असो, मग अख्ख्या गाडीचे दांडे उघडायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचं. हे मीच नवीन पोरांना शिकवते. पहिली रांग झाली. सासूबाईंचा दांडा ओढला, राहिला. त्यांच्या मांड्या त्याखाली इतक्या बारीक दिसत होत्या, पायजम्याच्या आत जणू नव्हत्याच. मी पुन्हा ओढला. राहिला. आणखी एकदा ओढला. चौथ्यांदा हात घातला तेव्हा फोरमननं नुसता पंजा वर केला. बटणांपाशी बसलेल्या मुलीनं मान हलवली, फुस्स करून सगळे दांडे एकदम वर आले आणि गाडीभर एक मोठा उसासा पसरला. मागून कुणीतरी म्हणालं, जपूनबाई, आज बसवणार आहात की नाही? मेव्हणा आशेनं उठू बघत होता.

माझे कान तापले होते. फोरमन माझ्याकडं बघत नव्हता, हे जास्त वाईट. पुन्हा तसंच झालं असतं तर दुसऱ्या कुणीतरी दांडे तपासले असते, अंगठा वर केला असता, आणि माझा मान कायमचा गेला असता. सासूबाईंनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले. त्यांच्या मोकळ्या केसांना साबणाचा वास येत होता.

"बिघाड आहे की भीती आहे?" त्यांनी विचारलं. हळू, पण दात नसतानाही अगदी स्पष्ट.

मी काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "नीट सांग. बिघाड असेल तर मी आत्ता उतरते, तू सांगतेस म्हणून, एक शब्द बोलणार नाही."

इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी कधी वेगळे करून पाहिले नव्हते. जत्रेतला तो आकडा, लिफ्टचा गचका, नवऱ्याची सर्दी, सगळं माझ्या मनात एकाच डब्यात पडलेलं. मी दांड्याकडं पाहिलं. दोन कुलपं, दोन्ही मी उघडून, पुसून, तेल घालून, लावून पाहिलेली. माझ्या हाताला ती अंधारातही ओळखू आली असती. मी म्हटलं, "भीती आहे, आई."

"मग ती माझी नव्हे, तुझी आहे," त्या म्हणाल्या. "ती ठेव इथं तुझ्याजवळ. मला जाऊ दे."

मी सरळ झाले. पहिल्या रांगेपासून सुरू केलं. एकच ओढ, पुढं. एकच ओढ, पुढं. त्यांच्यापाशी आले, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून एकदा ओढला, इतका की माझेच खांदे करकरले. राहिला. मी हात काढून घेतले. हात काढून घेणं हे एक कामच असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढची रांग, त्याच्या पुढची, शेवटची. मागं येऊन पिवळ्या रेषेमागं उभी राहिले, फोरमन आता माझ्याकडं बघत होता, आणि मी अंगठा वर केला. गाडी सुटली.

चढावर खटखट सुरू झाली. मी एकेक दात मनात मोजत होते, आणि माथ्यावर पोचल्यावर खटखट थांबली तेव्हा मोजायला काही उरलं नाही. आभाळात मोकळे पांढरे केस दिसले, एवढेएवढेसे. मग गाडी खाली कोसळली आणि सगळ्या गाडीची एक किंकाळी उठली, आणि त्या किंकाळीतून एक आवाज निराळा निघाला, उंच, फाटका, खदखदणारा. मला वाटलं कुणाची तरी लहान मुलगी बसलीय की काय. घरात त्या नेहमी पदर तोंडाला लावून हसतात, इतक्या वर्षांत त्यांचं पुरतं हसू मी ऐकलेलंच नव्हतं. ते वळणावर गेलं, कमानीत उलटं झालं, खाली आलं, आमच्या डोक्यावरून गेलं, आणि कठड्याशी माझा नवरा डबी उंच धरून ओरडत होता, ती आई आहे, ती माझी आई आहे, जसं काही आम्हाला माहीत नव्हतं. फलाटावरचे सगळे हसायला लागले. फोरमनसुद्धा. मी हसत होते आणि डोळे पुसत होते आणि पुन्हा हसत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. ब्रेकनी गाडी अलगद धरली आणि ती फलाटाशी येऊन उभी राहिली. मेव्हण्यानं डोळे घट्ट मिटून सासूबाईंचा हात दोन्ही हातांनी पकडला होता. दांडे उघडले, तो लटपटत उतरला. बाकीचेही उतरले, एकमेकांना मिठ्या मारत, सगळे एकदम बोलत. सासूबाई उतरल्या नाहीत. केस चहूकडं उडालेले, गाल लाल, बोळकं उघडं. मी हात पुढं केला तो त्यांनी बाजूला सारला आणि दांडा स्वतःच खाली ओढून घेतला.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी फोरमनकडं पाहिलं. त्यानं खांदे उडवले, घरचंच माणूस आहे म्हणाला. मागच्या जागा पटापट भरल्या, या खेपेला मेव्हण्याच्या जागी त्याची बायको. मी पुढून मागं गेले, प्रत्येक दांडा एकदा, सासूबाईंचाही एकदाच, आणि रेषेमागं येऊन अंगठा वर केला. गाडी सुटली, चढावर खटखट सुरू झाली, आणि मला एकाएकी कडकडून भूक लागली. मी गाडीकडं पाठ केली आणि बटणांपाशी बसलेल्या मुलीला विचारलं, तिच्या डब्यात काय आहे ते.